खिळा, भिंत आणि तसबीर

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला लोणावळ्यानंतर मळवली लागते. स्थानक लहान. एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची. शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिलेली असतात. याच मळवलीत १८९९ साली राजा रविवर्मांचा शिळाछापखाना मुंबईहून हलवण्यात आला आणि पुढे कित्येक दशके इथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती देशभरच्या घरांत गेल्या. लेण्यांना पाटी आहे, तिकीट आहे. छापखाना १९७२च्या आगीत गेला.

माणसाला सौंदर्याची ओढ का वाटते, या प्रश्नाचा विचार करायला हे खोरे मला फार सोयीचे वाटते. दोन हजार वर्षांच्या अंतराने इथे सुंदर वस्तू घडवण्याचे दोन मोठे उद्योग झाले, आणि दोन्हींमागे पैसा होता तो बऱ्याच अंशी राजाबाहेरच्या लोकांचा. कार्ल्याच्या चैत्यगृहातले ब्राह्मी लेख वाचले की दात्यांची नावेच भेटतात. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे. आपण उभारलेले हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वांत उत्तम आहे, असे त्याने बेधडक कोरून ठेवले आहे. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा गंधिक आहे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. त्याने दर्शनी दाराचे दान दिले. त्याच गावचे यवन आहेत, त्यांनी खांब दिले. अत्तरे विकणारा माणूस आपल्या मिळकतीतला हिस्सा काढून डोंगरातले एक दार सुंदर करून घेतो, पण ते दार घरी नेत नाही. ते सर्वांचे राहते. त्याला पुण्य मिळते, नाव मिळते, आणि येताजाता पाहायला मिळते.

मळवलीच्या छापखान्याचे गिऱ्हाईक याच्या उलट करत होते. ते काही आणे देऊन एक लक्ष्मी विकत घेत होते आणि ती स्वतःच्या भिंतीवर लावत होते. आधुनिक काळात सौंदर्याच्या ओढीचे जे काही झाले, ते मला या फरकात दिसते.

ओढ मुळात का असते, याची उत्तरे मोठ्या माणसांनी दिली आहेत. डार्विनने १८७१ च्या ग्रंथात मोराचा पिसारा पुढे केला. लांडोर निवड करते, म्हणून पिसारा पिढ्यानुपिढ्या देखणा होत जातो. मोरापुरते हे पटते. चाळीतल्या बाईने रामपंचायतनाची तसबीर का लावली, याला ते पुरत नाही. आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. पुढे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त या सगळ्या चर्चेची कसून तपासणी केली. त्यांचा प्रश्न होता, सुंदर कशाला म्हणावे. माझा प्रश्न त्यामानाने सामान्य आहे. जिला सुंदर म्हटले गेले ती वस्तू कोणाच्या घरात होती, आणि कोणाच्या घरात नव्हती?

छपाईच्या आधी चित्रे असलेली भिंत ही ऐपतीची गोष्ट होती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे आजही पाहता येतात. रंग बनवणारा, चितारी, त्याला महिनोन्महिने पोसणारा मालक, हे सगळे असेल तेव्हा अशी भिंत होते. सामान्य माणसाच्या वाट्याला वेगळे सौंदर्य होते आणि ते कमी होते असे मुळीच नाही. सकाळची सडा-रांगोळी, लग्नातला वारली चौक, पिंगुळीच्या ठाकरांनी पोथीतली चित्रे पुढे धरून रात्रभर सांगितलेली रामायणाची कथा, देवळाचा कोरीव खांब, जत्रेतली पालखी. यातले काही पुसले जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले जाई, काही वर्षातून एकदा दिसे. जवळजवळ सगळे उंबऱ्यापाशी किंवा उंबऱ्याबाहेर होते.

मग माणसे मुंबईला आली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांवर गेलेली दिसते. कोकणातून, देशावरून गिरणीत आलेल्या माणसाला चाळीत एक खोली मिळे, तीही अनेकदा आठ-दहा जणांत. त्या खोलीला अंगण नव्हते. समोरची गॅलरी सगळ्यांची, तिच्यावरून दिवसभर पाय फिरणार. रांगोळी काढायची कुठे आणि टिकणार किती? जत्रा गावाकडे राहिली, देऊळ गावाकडे राहिले. उरल्या चार भिंती, त्यातही दोनांत दार आणि खिडकी. शहराने माणसाचे अंगण घेतले आणि एक भिंत दिली. त्या भिंतीवर एक खिळा ठोकता येत होता. छापील चित्राचा सारा धंदा या खिळ्यावर उभा राहिला, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

छापलेल्या वस्तूला घरात, त्यातही देवापाशी, जागा मिळणे सोपे नव्हते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास शिळाछापावर पंचांग काढले तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी बिथरली होती, आणि गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून तो प्रश्न सोडवला, अशी हकीकत सांगतात. साठ-सत्तर वर्षांत चित्र किती पालटले पाहा. परदेशी शाईने, परदेशी दगडावर, जर्मन कारागिराच्या देखरेखीखाली छापलेल्या सरस्वतीला लोक हळदकुंकू वाहू लागले. शाईत काय आहे हे विचारायचे भान कोणाला राहिले नाही. ओढ धर्मशास्त्रापेक्षा बलवान ठरल्याचे याहून बोलके उदाहरण मला तरी माहीत नाही.

मधला टप्पा पुण्याचा. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. निबंधमालेचे कर्ते रंगीत चित्रांच्या धंद्यात पडले याचे आज नवल वाटेल. पण मजकूर वाचणारे थोडे आणि चित्र पाहणारे पुष्कळ, एवढे त्या मंडळींना नक्की कळत होते. देवादिकांबरोबर पेशवाईतली माणसे चित्रशाळेने घराघरांत नेली. कलकत्त्यालाही याच वर्षी कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू झाला. तेव्हा रविवर्मांनी कोऱ्या मैदानात पाऊल टाकले, हा समज खरा नव्हे.

त्यांना ही वाट दाखवणारा माणूस मात्र मजेशीर योगायोगाने मराठी होता. टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले. १८८४ साली त्यांनी रविवर्मांना पत्र लिहून सुचवले की चित्रे मागणारे स्नेही पुष्कळ आणि तुमचे हात दोनच. तेव्हा काही निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या ओलिओग्राफ प्रती काढून घ्याव्यात. पुढे सयाजीराव गायकवाडांसाठी रविवर्मांनी पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रे केली. ती बडोद्याच्या राजवाड्यात जाण्यापूर्वी मुंबईत मांडली गेली आणि ती पाहायला लोटलेल्या गर्दीत सर्व थरांतली माणसे होती. राजवाड्यात गेलेले चित्र पुन्हा त्यांना दिसणार नव्हते. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. आरंभीच्या चित्रांत शकुंतलेचा जन्म होता.

ओलिओग्राफचे तंत्र समजून घेतले की त्याच्या किमतीचे रहस्य कळते. बव्हेरियात झोल्नहोफन इथे मिळणारा चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि दगड पाण्याने भिजवायचा. तेलकट रेषा शाई धरते, भिजलेला दगड शाई झिडकारतो. हे तत्त्व अठराव्या शतकाच्या शेवटी अलॉइस सेनेफेल्डर या जर्मन माणसाला सापडले. तो होता नाटककार, आणि आपली नाटके स्वस्तात छापायची सोय शोधत होता. रंगीत चित्राला प्रत्येक छटेसाठी निराळा दगड लागतो. मूळ तैलचित्र नुसत्या डोळ्यांनी पाहून कारागीर ठरवणार, लक्ष्मीच्या गालात गुलाबी किती, पिवळा किती, करडा किती. मग तितके दगड, आणि तोच कागद तितक्या वेळा दाबाखाली. एक दगड केसभर सरकला की डोळे बाजूला आणि बुबुळे बाजूला. शेवटी वॉर्निश चढवून कॅनव्हासचा पोत उठवायचा, म्हणजे काचेमागे ते तैलचित्रच वाटावे. मेहनत सगळी पहिल्या प्रतीची. हजारावी प्रत जवळजवळ कागदाच्या भावात पडते.

धंदा म्हणून रविवर्मांना हे झेपले नाही. छापखाना निघून दोनच वर्षे झाली असतील, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळाली, १९०१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. छापखाना मळवलीला गेला, देणे वाढत राहिले आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या एका तरुणाने नंतर स्वतःचा छापखाना काढला, तोही सोडला आणि १९१३ मध्ये हलत्या चित्रांत राजा हरिश्चंद्र आणला. दादासाहेब फाळक्यांच्या त्या वळणावर स्वतंत्र लेख हवा.

आता खुद्द त्या खोलीत जाऊ. तसबीर आली म्हणजे चौकट आली, काच आली. ती भिंतीला सपाट टेकवून लावायची पद्धत नव्हती. वरची बाजू पुढे झुकलेली, म्हणजे खाली बसलेल्या माणसाकडे देव पाहतो आहे असे वाटावे. तिच्यावर हार, खाली उदबत्ती, आणि वर्षभरात काचेवर धुराचा पिवळट थर. तो दिवाळीच्या साफसफाईत पुसायचा. दिवाणखान्यात लावलेले युरोपियन निसर्गचित्र असे कोणी वागवत नाही. चित्र बघण्याची वस्तू आणि देव पूजेची वस्तू, ही वाटणी त्या खोलीत नव्हतीच.

जुन्या ओलिओग्राफच्या संग्रहांत एक प्रकार आढळतो, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. छापील चित्रावर घरच्या बायकांनी काम केलेले असते. लक्ष्मीच्या लुगड्याला खरी जर, काठांना टिकल्या, गळ्यात मणी, कधी संपूर्ण नेसण जागच्या जागी कापड कातरून चिकटवलेली. चेहरा आणि हात तेवढे छापील उरतात. बाजाराने हजारो घरांना एकच लक्ष्मी दिली होती. या हातांनी ती हजारांतून बाहेर काढून आपली केली. अशा चित्रांना संग्राहकांनी पुढे मोठा भाव दिला, पण करणारणीचे नाव त्यावर नसते. यंत्राने कारागिराचा हात काढून टाकला असे आपण सहज म्हणतो. इथे तो हात उंबऱ्यावरच्या रांगोळीतून उठून काचेमागे गेलेला दिसतो. जी बाई गॅलरीत रांगोळी काढू शकत नव्हती, तिने ती लक्ष्मीच्या पदरावर काढली.

जाणत्यांना यातले काही आवडले नाही. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता या साऱ्यांनी रविवर्मांवर कोरडे ओढले. कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला पालथी पडलेली आहे, हे निवेदितांना अशोभनीय वाटले. नाटकी हावभाव, युरोपियन छायाप्रकाश, देवांच्या जागी उभी केलेली सुखवस्तू घरची माणसे, हे आक्षेप होते. त्यातले बरेचसे खरेच आहेत. रविवर्मांच्या कितीतरी नायिका एकमेकींच्या बहिणी शोभतील. पण टीकाकारांनी ज्या अजिंठ्याचा आणि राजपूत लघुचित्रांचा दाखला दिला, ती पाहण्याची सोय गिरणी कामगाराला कुठे होती? त्याच्यापुढे निवड अजिंठा की रविवर्मा अशी नव्हती. रविवर्मा की कोरी भिंत, अशी होती.

एक आक्षेप मात्र त्यांनी घेतला नाही आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. या देवता गोऱ्या आहेत. भरदार, उजळ, नेटके नेसलेल्या, वरच्या थरातल्या घरांत शोभणाऱ्या. रोज सकाळी हात जोडताना पाहिलेला चेहरा पुढे मनात सौंदर्याचे माप होऊन बसतो. साबणवाल्यांनी हे लगेच ओळखले. विनोलिया साबणाच्या जाहिरातीत रविवर्मांची चित्रे आली. देवी, साबण आणि उजळ कांती एका कागदावर आल्या, आणि स्थळे पाहताना ‘मुलगी गोरी आहे ना’ हा प्रश्न आपल्या तोंडी जो बसला, त्याला या कागदाने बळ दिले असे मी मानतो. दिवाळी अंकांनी या बाबतीत नाक मुरडू नये. १९०९ साली ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली, पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांवरच्या देखण्या स्त्रियांनी किती अंक खपवले, ते विक्रेत्यांना विचारावे. मुळगावकरांचे देवही तसेच मऊ प्रकाशात न्हालेले, आणि कॅलेंडरवर बारा महिने टिकणारे. १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ आले आणि खिळ्यावर तारखांनी बस्तान मांडले, तोवर मराठी घराच्या भिंतीवर या दोघांचे राज्य होते.

तरीही या गोऱ्या देवीच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. रविवर्मा ज्या त्रावणकोरचे, तिथल्या देवळांचे दरवाजे अस्पृश्यांना १९३६ च्या नोव्हेंबरात उघडले. त्याआधी वैकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी १९२४ मध्ये सत्याग्रह करावा लागला होता. आपल्याकडे १९२९ मध्ये पर्वती, १९३० मध्ये नाशिकचे काळाराम मंदिर. तो लढा पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. पंढरपूरसाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. कार्ल्याच्या त्या दाराचे सौंदर्य सर्वांचे होते असे मी वर म्हटले, पण नंतरच्या शतकांतल्या देवळांबद्दल तसे म्हणता येत नाही. गाभाऱ्यातले कोरीव काम, मूर्तीचा शृंगार, दिव्यांची आरास, हे सगळे ‘सार्वजनिक’ सौंदर्य समाजातल्या मोठ्या भागाला दिसतच नव्हते. छापखान्याने गिऱ्हाइकाची जात विचारली नाही. आणे मोजले की राम घरी येत होता, पुढे झुकून पाहत होता. अशा घरातल्या भिंतीवरच्या चित्राला ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून हसणे मला जमत नाही.

अर्थात कागदावरचा राम मिळाला म्हणून देवळाचे दार मागणे थांबले नाही, आणि थांबायलाही नको होते. मिळालेली तसबीर ही मिळालेला हक्क नव्हे, हे ज्यांच्या घरात ती होती त्यांनाच सर्वांत आधी कळले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, हे त्यांतले पहिले काही. त्यानंतर महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांतून देवांच्या तसबिरी उतरल्या. खिळे मात्र कोणी उपटले नाहीत. त्या जागी बुद्ध आला, शेजारी निळ्या सुटातले बाबासाहेब आले. बुद्धाच्या चेहऱ्यामागे प्रभावळ आली, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार आला, काच आणि चौकट आली. सुंदर असावे ही मागणी तशीच राहिली, आणि सुंदर कोणाला म्हणायचे ते आता घराने ठरवले होते.

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखोंनी माणसे येतात. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या रांगांना लागूनच तसबिरींचे ठेले असतात. मराठवाड्यातून, विदर्भातून दोन दिवसांचा प्रवास करून आलेली बाई पाच-सहा बुद्ध शेजारी शेजारी ठेवून पाहते; एकाचे डोळे जास्त मिटलेले, एकाचा चेहरा जास्त शांत, एकाची पार्श्वभूमी फारच भडक. ती मागे सरून पाहते, भाव करते, पुन्हा पाहते. परतीच्या गाडीतल्या गर्दीत काच फुटेल म्हणून बरीच माणसे नुसते चित्र गुंडाळून घेतात. चौकट गावाकडे करून मिळते.